नॅस्टरशियमची पीठ पेरून भाजी

नॅस्टरशियमला खत घालायचं नसतं. भिंगारच्या मैत्रिणीने बिया देतानाच मला बजावलं होतं. हलक्या मातीत हे झाड फुलतं, खायला मिळालं की नुसता पाला वाढवतं. दिवाळी झाल्यावर मी गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्यांत मुरमाड माती भरली, बिया टोचल्या आणि केशरी फुलांची वाट बघायला लागले.

पण हे सासूबाईंना कोण पटवणार? त्यांचं सगळं आयुष्य पाथर्डीकडच्या शेतात गेलेलं. पावसाळ्यात सासरे गेले, तेव्हापासून त्या आमच्याकडे नागापूरला होत्या. मी कामावर गेले की मागच्या गोठ्यातून घमेलंभर शेणखत आणून माझ्या बादल्यांत घालायच्या. "पोटाला न्हाई घातलं तर झाड बिचारं काय करंल?" मी चिडायचे, त्या मान डोलवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

झाडांना असं खाऊ घालणारी ही बाई स्वतः मात्र ताटावरून अर्धपोटी उठायची. गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी सोडायची आमच्याकडे रीत आहे. कुणी आंबा सोडतं, कुणी वांगं. सासऱ्यांना पालेभाजीशिवाय भाकरी जायची नाही. संध्याकाळी घरी येताना बांधावरचं काहीबाही खुडून आणायचे. सासूबाईंनी नेमकी पालेभाजीच सोडली आणि तिच्याबरोबर त्यांची भूकही गेली. चतकोर भाकरी चटणीशी खायची की झालं जेवण. अंगातलं रक्त कमी झालं, जिन्यात चक्कर आली. गोळ्या पोटाला सोसेनात. डॉक्टर म्हणाले, पालेभाज्या खाऊ घाला. नवरा आधी रागावला, मग आईपुढे बसून रडला. त्या ऐकायला तयार नव्हत्या. एवढी कष्टाची बाई आमच्या डोळ्यांदेखत संपून जाईल, अशी मला खरोखर भीती वाटत होती.

संक्रांत झाली तरी फुलाचा पत्ता नव्हता. पानं मात्र बशीएवढी. एका रविवारी माझा पारा चढला. कात्री घेऊन वर गेले आणि अर्धा पाला छाटून ढीग घातला. सासूबाई वाळवण घालायला आल्या होत्या. त्यांनी एक पान उचललं, हुंगलं आणि सरळ तोंडात टाकलं.

"मुळ्यागत तिखट हाय गं. खात्यात का ह्ये?"

"खातात. मैत्रीण सांगत होती, तिकडे बंगल्यांत कोशिंबिरीत घालतात."

"मंग टाकून कशापाई द्यायचं?" त्यांनी सगळा पाला पदरात भरला आणि खाली नेला. मला वाटलं, आमच्यासाठी काहीतरी करतील. त्यांच्या हाताला रिकामं बसवत नसे.

दुपारी लसणाच्या फोडणीचा वास घरभर पसरला. बेसन पेरून मोकळी, खमंग भाजी झाली होती. त्यांनी आम्हा दोघांना वाढली, आणि मग स्वतःच्या ताटातही वाढून घेतली. माझा घास हातातच राहिला. फुलझाडाचा पाला म्हणून त्यांनी तो भाजीत धरला नसावा, असं मला वाटलं. नवरा बोलायला गेलाच, "आई, पण तू तर पालेभाजी..." मी त्याला डोळ्यांनी दटावलं. कसली आठवण करून देतो हा माणूस!

"बोलू दे की त्याला," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "मला काय कळत न्हाई व्हय? पाला म्हंजी पालाच."

त्यांनी भाकरीचा मोठा तुकडा मोडला, भाजी घेतली, सावकाश खाल्ली. आम्ही दोघं जेवायचं विसरून बघत होतो.

"फोडनी टाकायच्या आधी फोटोपाशी गेल्ते," त्या म्हणाल्या. "त्यास्नी सांगितलं. म्हनलं, सोडून बघितलं, न्हाई जमत. रागवा पायजे तर. पर मला लई भूक लागती हो."