बाबांच्या चपला

औलीला मी स्कीइंगचे बूट भाड्याने घ्यायला दुकानात बसले होते. बायकांच्या फळीवरचा, जांभळ्या पट्टीचा सगळ्यांत मोठा जोड पायांत कोंबला आणि पाच मिनिटांत बोटं बधिर झाली. तरी मीच म्हटलं, चालेल, थोडे चावणारच.

दुकानदाराने मान हलवली. लाकडी पट्टीवर माझं पाऊल मोजलं आणि पुरुषांच्या फळीवरचा काळा जोड काढला. "लिखा हुआ मत देखिए मॅडम, पैर देखिए." त्याने कड्या लावल्या. टाच जागची हलेना, बोटं मात्र मोकळी.

आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला.

शाळेच्या बुटांपासून लग्नातल्या सँडलपर्यंत मला प्रत्येक जोड चावला. दर वेळी आई म्हणायची, "मुलीच्या जातीला शोभतात का एवढी पावलं? घाल, होतील सैल." सैल काही झालं नाही. फोड आले, त्यांवर खोबरेल तेलही तिनेच लावलं. आणि मी आजवर माझ्या पावलांनाच दोष देत आले.

बुटांवर 'बायकांचे' लिहिणाऱ्याने माझं पाऊल कधी पाहिलं नव्हतं. त्याला माफ आहे. आईने तर पाहिलं होतं.

त्या काळ्या बुटांत उभी राहिले आणि आठवलं. गच्चीवर कपडे वाळत घालायला जाताना आई कायम बाबांच्या चपला घालायची. विचारलं तर म्हणायची, "दिसल्या समोर म्हणून घातल्या." तिच्या स्वतःच्या चपला तिथे शेजारीच असायच्या.