टाकीत काय होतं

तक्रार ऐकण्याआधी तो बादली भरून घ्यायचा. दारात जमलेल्यांना बोटानं गप्प करायचा, बादली संडासाच्या भांड्यात एका दमात ओतायचा आणि डोळे मिटून, मान तिरपी करून पाणी जातानाचा आवाज ऐकायचा. मग म्हणायचा, "बादली खोटं बोलत न्हाई."

तुमच्याही वस्तीत असा एखादा नळवाला असेल. त्याचं म्हणणं साधं होतं. साखळी ओढूनही घाण जात नसेल, तर दोष वरच्या टाकीत असतो किंवा खालच्या पाइपात. बादलीचं पाणी सरसर गेलं तर पाइप मोकळा; मग शिडी लावून टाकीत बघायचं. बादलीही तुंबली तर खणायचं.

तो आटपाडीकडचा. घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. पलटणीत पाइप जोडायला शिकला आणि सुटून आल्यावर इस्लामपुरात आमच्या शिक्षण संस्थेत नोकरीला लागला. शिक्षकांच्या चाळीमागचे फ्लशचे सहा संडास त्यानंच बसवले होते. मी तिथंच मास्तर; त्या चाळीची देखरेख माझ्याकडे होती.

दुष्काळाच्या साली टँकरनं पाणी यायचं. "पाणी कमी करा," असं संस्थेच्या सेक्रेटरींनी मला बजावलं. सुट्टीत चाळ रिकामी असताना मी शिडी लावली आणि सहाही टाक्यांत एकेक वीट ठेवली. वीट जेवढी जागा अडवते, तेवढं पाणी वाचतं. इथवर माझं काही चुकलं नव्हतं. पण सभेत सेक्रेटरींनी विचारलं, "कसं जमवलंत?" आणि मी सांगितलं, "बिऱ्हाडांना शिस्त लावली." सगळ्यांनी वाहवा केली. मुख्याध्यापकाची जागा लवकरच रिकामी होणार होती, हेही मला ठाऊक होतं.

महिन्याभरात फ्लशचा जोर गेला. पाणी नुसतं तोंड दाखवून परतायचं. तक्रार सेक्रेटरींपर्यंत पोचली आणि बोलावणं त्याला आलं.

त्यानं नेहमीसारखी आपली बादली दारातल्या पिंपातून भरून घेतली. शेजारच्या वहिनी ओरडल्या, "अरे, भांडी घासायला पाणी ठेवलंय ते! ओततोस काय?"

"वहिनी, डाक्टरनं नाडी धरली तर हात परत मागताय व्हय?"

चाळ हसली. पाणी सरसर गेलं. त्यानं शिडी लावली. ती मीच धरली होती. त्याचा हात टाकीत गेला आणि थांबला. बाहेर आला तेव्हा बोटांना तांबडा चिखल होता. वीट कच्ची भाजलेली, पाण्यात विरघळत चालली होती. त्यानं वरून माझ्याकडे पाहिलं. मी शिडीच्या पायाकडे पाहत होतो.

"उद्या बघू," असं लोकांना सांगून तो उतरला. सगळे पांगल्यावर हळूच म्हणाला, "मास्तर, ईट कुणी ठेवली?"

"मी."

"मग काढू?"

"आत्ता नको. पाणी वाढलं की सेक्रेटरी विचारतील. आधी मी त्यांना सांगतो. तोवर कुणापाशी बोलू नकोस."

"मी कशाला बोलू? म्हणतील, आपलं झाकतोय. तुमच्या तोंडनंच येऊ द्या." हात चोळून चिखल काढत तो म्हणाला, "पर लवकर सांगा, मास्तर. माझ्या नोकरीवर आलंय."

चार दिवस मी रोज सेक्रेटरींच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. पाचव्या दिवशी त्यांनीच दोघांना बोलावलं.

"पाइपाचा उतार चुकवलास ना?"

"न्हाई, सायेब. बादली घालून बघा. बादली खोटं..."

"बादली राहू दे. मास्तर, तुम्ही सांगा."

तो माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर भीती नव्हती. पाणी ओतल्यावर आवाजासाठी थांबायचा, तसा तो थांबला होता.

"पाइपाचाच दोष असावा," मी म्हणालो.

त्यानं डोळे मिटले. दुपारी त्याला काढून टाकलं. फाटकातून जाताना एका हातात हत्यारांची पिशवी, दुसऱ्यात बादली. "येतो, मास्तर," एवढंच म्हणाला.

पाऊस झाल्यावर एका रविवारी मी त्या विटा काढल्या. फ्लश धो धो वाहू लागला. नव्या नळवाल्याचं कौतुक झालं. मी मुख्याध्यापक झालो.

तीन वर्षांनी मी आटपाडीला गेलो. गावाबाहेर त्याचं घर सापडलं. त्याची बायको दारात मेंढीच्या पिलाला पाला घालत होती. मी नाव सांगितलं तशी लगबगीनं उठली, घोंगडं अंथरलं, पाण्याचा तांब्या हातात दिला.

"मास्तर व्हय? बसा की. ते गेलं की वो, गेल्या उन्हाळ्यात. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. छातीत धूळ बसली."

भिंतीला खुंटीवर बादली होती. स्वच्छ घासलेली, पालथी.

"लय पाण्याचे हाल काढले, पर हिला हात लावू दिला न्हाई," ती म्हणाली. "कामाची बादली हाय, म्हणायचे. मास्तर सायबांना सांगतील, मग माझं बोलावणं यील."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"आवं, टाकीत काय हुतं वो? लय येळा इचारलं. मास्तरांनी गप बस म्हटलंय, म्हणायचे."

"वीट," मी म्हणालो. "मीच ठेवलेली."

ती पुढचं ऐकायला थांबली. पुढचं काही नव्हतं.

"ईट," ती म्हणाली. "येवढंच?"