न पाहिलेलं कॉलेज

कॉलेजात तिला सगळे भिंगरी म्हणत. प्रवेश घ्यायचा विचार करणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना कॅम्पस फिरवून दाखवणं हे तिचं काम. घोळक्याकडे तोंड करून ती उलटी चालायची आणि तोंडाचा पट्टा सुरूच असायचा. एखाद्या बापाचा चेहरा पडलेला दिसला, की वाट बदलून त्याला आधी ग्रंथालयात न्यायची. कुठलं पोर इथं रमेल, हे आपल्याला चेहऱ्यावरून कळतं, अशी तिची खात्री होती.

मग कॉलेजनं व्हर्च्युअल टूर तयार करून घेतली. घरबसल्या पडद्यावर बोट फिरवलं की वर्ग, मैदान, हॉस्टेलची खोली, सगळं दिसायचं. प्रत्यक्ष येणारी माणसं रोडावली. भिंगरीला एका खोलीत बसवून कानाला हेडफोन लावले. लोक ऑनलाइन प्रश्न विचारणार, तिनं छापील उत्तरं वाचून दाखवायची. कॅमेरे बंद ठेवलेली मुलं म्हणजे समोर नुसत्या काळ्या चौकटी. कोणाचा चेहरा पडला, कोणाचा खुलला, काही पत्ता नाही. ती उठून येरझाऱ्या घालायची, वायर ताणली जायची. शेजारचा कॉम्प्युटरवाला म्हणायचा, "बाई, जरा टेका हो. त्या वायरबरोबर एक दिवस माझं टेबलही चालायला लागेल."

त्याच वर्षी तिच्या मुलीची शाळा संपत होती. मुलगी कॉलेजं बघत होती ती पलंगावर लोळत, फोनवर. एक तिला फार आवडलं होतं. दुसरंही एक मनात होतं, पण ते फार लांब होतं.

"न बघताच?" भिंगरी म्हणाली. "अगं, चप्पल घेताना तू चार दुकानं पालथी घालतेस."

"चप्पल चावते, आई."

"कॉलेजही चावतं."

बाप चष्म्याच्या दुकानात कामाला होता, स्वभावानं थंड. तो म्हणाला, "जाऊन या दोघी. नाहीतर ही मला झोपू द्यायची नाही."

दोघी पहाटेच्या गाडीनं निघाल्या. तिथं कॅम्पस दाखवायला एक विद्यार्थिनी आली. ती बिचारी लाजाळू होती. सगळ्यांकडे पाठ करून भराभर पुढं चालायची आणि जे सांगायचं ते समोरच्या भिंतीला सांगायची. भिंगरीचे हात शिवशिवायला लागले. आधी तिनं एक प्रश्न विचारला, मग दुसरा. मागे राहिलेल्या एका आजोबांना हाताला धरून पुढे आणलं. आणि बघता बघता ती घोळक्याच्या पुढे उलटी चालत, आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेल्या प्रयोगशाळेबद्दल बोलायला लागली. लोक ऐकतही होते. ती विद्यार्थिनी मात्र लाल होऊन खाली बघत उभी होती.

मुलीनं आईला बाजूला घेतलं. "तू बाहेर थांब."

"अगं, मी फक्त..."

"आई, हे तुझं कॉलेज नाही. प्लीज."

भिंगरी बाहेर आली. बाकावर बसली, उठली, इमारतीला वळसा घातला, दिसेल त्या दाराची कडी हलवून पाहिली. शेवटी वॉचमननं तिला हटकलं आणि फाटकाजवळच्या खुर्चीत बसवून ठेवलं. मुलगी परत आली तेव्हा आई रुमालाची गुंडाळी करत होती, सोडत होती, पुन्हा करत होती.

परतीच्या गाडीत मुलगी खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "मला तिथं नाही जायचं."

भिंगरीच्या जिवात जीव आला. "बघ, मी म्हणत होते ना, प्रत्यक्ष बघितल्याशिवाय..."

"फोनवर दिसलं होतं तसंच आहे सगळं. पण तिथं चालताना, आपण इथं राहू, असं एकदाही वाटलं नाही." मग ती म्हणाली, "मी ते दुसरं घेणार. लांबचं."

ते दुसरं इतकं लांब होतं, की प्रवेशाची मुदत संपायच्या आत जाऊन येणं शक्यच नव्हतं.

"म्हणजे पुन्हा पडद्यावर बघूनच?"

"तिथल्या एका मुलीशी बोललेय मी. हॉस्टेलबद्दल विचारलं, तर म्हणाली, पहिला हिवाळा मी रडून काढला, खोलीत ओल येते, पण शिक्षक जीव तोडून शिकवतात. असं मला कोणीच सांगितलं नव्हतं." तिनं आईकडे पाहिलं. "तूही नसतंस सांगितलं."

भिंगरीला राग आला. बोलायला तोंड उघडलं, पण छापील उत्तरांमध्ये हॉस्टेलबद्दल काय लिहिलंय ते तिला आठवलं. त्याआधीही, उलटं चालत असताना, हॉस्टेलची मागची बाजू तिनं कधी कोणाला दाखवली नव्हती.

पुढच्या आठवड्यात एका काळ्या चौकटीतून कोणीतरी विचारलं, "तिथं एकटं वाटतं का हो?" छापील उत्तर होतं, आमचं कॉलेज म्हणजे एक कुटुंब आहे. भिंगरीनं कागद पालथा घातला. "वाटतं," ती म्हणाली. "सुरुवातीला बऱ्याच जणांना वाटतं. काही सोडूनही जातात. तुला कशाची भीती वाटतेय, सांग." चौकट उजळली आणि त्यात एक घाबरलेला मुलगा दिसला. दोघं बराच वेळ बोलत होती. कॉम्प्युटरवाल्यानं मान वर करून पाहिलं, पण साहेबांना काही सांगितलं नाही. त्या मुलानं शेवटी प्रवेश दुसरीकडेच घेतला.

मुलगी लांबच्या कॉलेजात गेली. पहिला हिवाळा तिनंही रडून काढला, पण ती टिकली. आता ती आईला ये ये म्हणून मागे लागलेली असते. भिंगरीची बॅग दोनदा भरून झाली आणि दोन्ही वेळा रिकामी झाली. कधी सुट्टी मिळत नाही, कधी गुडघा दुखतो.

"जाऊन ये की," नवरा म्हणतो. "रात्रंदिवस तिच्याच नावाचा जप असतो."

"जाईन," ती म्हणते आणि भांडी पुन्हा लावायला घेते. आपल्याला ते कॉलेज आवडलं नाही तर ते चेहऱ्यावर दिसेल, आणि पोरीला कळेल, ही भीती तिनं अजून नवऱ्यालाही सांगितलेली नाही.