आभाळात बांधलेली विहीर

रविवारी सकाळी सव्वानऊ वाजता मोताळा तालुक्यातल्या आमच्या गावच्या चर्चमध्ये घुमटाखालचा शेवटचा टेकू काढण्यात आला. ओल्या चुन्याचा थंड, किंचित कडवट वास तेव्हा दारापर्यंत येत होता.

एसटीने येणाऱ्याला कपाशीच्या शिवारावर आधी हा पांढरा घुमट दिसतो, मग गाव. दोन पिढ्यांपूर्वी एका परदेशी फादरांनी तो कागदावर काढला तेव्हा गावात घुमट बांधलेला एकही गवंडी नव्हता. होते ते विहिरी बांधणारे. त्यांनी कागद उलटा धरला आणि त्यांना काम कळले. विटांचा एकेक फेर रचत, सुरू केलेला फेर सूर्यास्ताआधी पूर्ण करत ते वर वर गेले. ज्यांचे हात आयुष्यभर पाताळाकडे उतरले, त्यांना गगनाचा हा डौल कुठे सापडला असेल?

पुढे कोणीतरी काळजीपोटीच त्यावर सिमेंटचा थर दिला. चुना श्वास घेतो. सिमेंटने ओल आत कोंडली. विटा भुसभुशीत झाल्या, माथ्यापासून भेग उतरली. पाहणीला आलेल्या अभियंत्याने घुमट पाडून सपाट स्लॅब टाकायला सांगितले. चर्चच्या समितीने त्या विहीरवाल्यांचे नातू भिकाजी मिस्त्री यांना एक संधी दिली: टेकू काढल्यावर भेग उघडली, तर घुमट पाडायचा.

भिकाजींनी घुमटाला खालून टेकू दिले, सिमेंट खरवडले, भेगेजवळचे फेर उसवून चुन्यात पुन्हा बसवले. चर्च झाडणाऱ्या मार्थाबाई रोज खालून विचारत, "काऊन बे भिका, विहीर खोदून राह्यला का वरतं?"

"हाव माय. फक्त हिले पाणी नाही लागलं पाह्यजे!"

विहीरवाल्यांचा एक रिवाज आहे. टेकू निघताना बांधणारा खाली उभा राहतो. रविवारी फादरांनी सगळ्यांना अंगणात थांबवले. भिकाजी एकटे घुमटाखाली गेले. पाठोपाठ मार्थाबाई निघाल्या.

"मार्थाबाई, बाहेर या," फादर म्हणाले.

"माह्या बापानं इथं इटा वाह्यल्या, फादर. मी कायले बाहेर जाऊ?"

"माय, डोक्यावर पडंन ना!" भिकाजी ओरडले.

"मंग तू काऊन उभा हायेस? हान हातोडा!"

भिकाजींनी टेकूच्या पाचरीवर तीन घाव घातले. पाचर निसटली, टेकू आडवा झाला, धूळ उठली. त्या क्षणी अंगणातल्या शंभर माणसांचे डोळे भेगेच्या रेषेवर खिळले होते! वरून चुन्याचा एक कणही पडला नाही. मार्थाबाईंनी मान वर करून स्तोत्राची पहिली ओळ म्हटली. तो थकलेला आवाज घुमटात चढला आणि भरदार, अनेकपट होऊन उतरला. मग अंगणातले सगळे आत शिरले, गाऊ लागले. कोणीतरी घंटेचा दोर ओढला. मंदिरात जायला निघालेले शेजारी वाटेतच थांबले आणि टाळ्या वाजवू लागले. भिकाजींना लोकांनी खांद्यावर घेतले तेव्हा ते एकच सांगत होते, "अरे, चुना ओला हाय, हात नका लावू भिंतीले!"

अभियंता शिडीने वर गेला. त्याने भेगेची जागा मापली, पुन्हा मापली, आणि आता याची गरज नाही म्हणत स्लॅबचा नकाशा गुंडाळून फादरांच्या हाती दिला.

बुधवारी दुपारी पाऊण तास पाऊस झाला. गुरुवारी सकाळी मार्थाबाईंनी घुमटाखालची फरशी झाडली. ती कोरडी होती.