भरड्याची गिरणी

घोडनदीकाठच्या आमच्या गावात आबांनी, माझ्या वडिलांनी, पिठाची गिरणी टाकली तेव्हा मी नववीत होते. नव्वदीच्या आसपासची गोष्ट. बौद्धवाड्यातली पहिली गिरणी! आत भिंतीवर बुद्धांची तसबीर, तिला ताजा हार. पेढे घ्यायला सगळं गाव आलं.

दुसऱ्या दिवसापासून वरच्या आळीतून पोती यायला लागली. मका, बाजरी, सगळं गाईम्हशींच्या भरड्याचं, जाडसर दळायचं. घरच्या ज्वारीचा डबा मात्र त्या बाया डोक्यावर घेऊन आमच्याच दारावरून पुढच्या गावच्या गिरणीत न्यायच्या. आमच्या हातचं जनावरांनी खाल्लेलं चालत होतं, माणसांनी नाही!

आबा भोळे. म्हणायचे, "आज भरडा आलाय, उद्या ज्वारीबी येईल. जरा दम धर." दोन वर्षं दम धरला. नुसत्या वाड्याच्या दळणावर गिरणी कुठवर चालणार? शेवटी चक्की विकली. आबा दुसऱ्याच्या रानात कामाला जायला लागले. गिरणीचा विषय निघाला की भरल्या ताटावरून उठायचे.

पुढं शिक्रापूरला कंपन्या वाढल्या. आईनं वर्षभर टुमणं लावलं. "आवं, तिथं कोण कुणाला वळखतंय? खोल्या करून राहणारी माणसं. त्यास्नी पीठ पायजे, बास!" आबांनी कसाबसा धीर केला आणि गाळा घेतला. पहिल्याच दिवशी लातूरकडची एक बाई गव्हाचा डबा घेऊन आली. पीठ भरताना आबांनी तिला दोनदा विचारलं, "घरी खायलाच ना?" ती हसली. "मग काय म्हशीला?"

हे आईनं मला सांगितलं. मी हॉस्टेलवरून आले, तर भिंतीवर लक्ष्मीचं कॅलेंडर! तसबीर घरी पेटीत, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. माझं डोकंच फिरलं.

"लाज न्हाई वाटली, आबा? मान खाली घालायची न्हाई, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

आबांनी चक्की थांबवली. भुवयांवरचं पीठ पुसलं.

"तू म्हण, आत्ता काढतो. पण परत नुसता भरडाच यायला लागला ना पोरी, तर तिसऱ्यांदा उभं राहायचं बळ न्हाई माझ्यात."

बाहेर चार डबे रांगेत होते. सगळे गहू-ज्वारीचे. मी पुढचा डबा उचलला आणि आबांच्या हातात दिला.