आमचा गोली छावणीला दिला तेव्हा

फॉरवर्डनं मारलेले गोल लोक हंगामापुरते लक्षात ठेवतात. गोलकीपरचं तसं नाही. तो क्लब सोडून गेला तरी त्याचे किस्से मागं साचतच राहतात. आमच्या औरंगपुऱ्यातल्या हॉकी क्लबात सगळ्यात जास्त साचले ते दिगूचे. टर्फ कुणी बघितलं नव्हतं, मातीवर खेळायचो, तेव्हाची गोष्ट.

दिगंबर गंगापूरचा. कॉलेजसाठी शहरात आलेला, दाराएवढा गडी. आमचे सेक्रेटरी हमीदभाई, बांगड्यांचे दुकानदार. त्यांनी त्याला रस्त्यातच गाठलं. "हॉकी खेळला का कधी?"

"नाय."

"गोलमध्ये उभा राहशील?"

"ऱ्हाईन की! उभंच तर ऱ्हायचंय!"

बघता बघता लीगमधला सगळ्यात भारी गोली झाला. फक्त उजवा पाय उशिरा निघायचा, त्यावरून भाई बाकावरून रोज ओरडायचे.

*

खेळाडूंच्या अदलाबदलीला शेवटची तारीख असायची. त्या संध्याकाळी छावणीच्या क्लबचे देशपांडे भाईंच्या दुकानात आले. "दिगू द्या. काय पाहिजे ते मागा."

सगळे क्लब कॉलेजातली नवी पोरं पाळीपाळीनं निवडून घ्यायचे, आणि पुढच्या वर्षीची पहिली पाळी छावणीची होती. भाईंनी तीच मागितली. देशपांडे इतक्या पटकन "मंजूर!" म्हणाले, की भाईंच्या हातातली बांगडी फुटली!

*

दिगूनं पॅड पुसून भाईंच्या हातात दिले आणि गेला. बोलले ते त्याचे वडील. दुसऱ्या दिवशी एसटीनं थेट दुकानात. "आमचं पोरगं काय बैल हाय व्हय, दावणीवरून सोडून दिलं?"

भाईंनी चहा मागवला. वडील जरा निवले. "बरं, बदल्यात काय आलं?"

"पुढच्या वर्षी पहिली निवड."

"म्हंजी आत्ता काय नाय?"

"आत्ता काही नाही."

वडिलांनी बशी खाली ठेवली. "मंग भाई, लई फसले तुम्ही!"

*

त्या हंगामात आमच्या गोलमध्ये गणिताचे जोशी सर. चष्मा जाड. मी कॅप्टन. म्हटलं, "सर, चष्मा काढा, फुटेल."

"काढला तर बॉल दिसत नाही."

"मग घाला."

"घातला तर अंगावर येताना दिसतो ना!"

आम्ही तळाला गेलो.

*

पुढच्या वर्षी निवडीचा दिवस. कॉलेजच्या सेंटर फॉरवर्डवर सगळ्यांची नजर. पहिली पाळी आमची. भाई उठले आणि त्यांनी चक्क एका गोलकीपरचं नाव घेतलं!

मी कपाळाला हात लावला. "भाई, गोली कशाला?"

"अरे मियाँ, आपल्याकडं गोली कुठंय?"

*

पण तो गोली चांगला निघाला. आम्ही फायनलला पोचलो. समोर छावणी, आणि त्यांच्या गोलमध्ये दिगू. कप आमच्या क्लबात कधीच आला नव्हता. आम्ही एका गोलनं मागं, आणि अगदी शेवटी पेनल्टी स्ट्रोक मिळाला. मी मारला, त्याच्या उजवीकडं, खाली. दिगूनं पाय लांबवला. बॉल पॅडच्या टोकाला लागून बाहेर.

शिट्टी झाली. छावणीवाले दिगूच्या अंगावर पडले. तो त्यांच्यातून वाट काढत बाहेर आला आणि आमच्या बाकाकडं बघत उभा राहिला.

हमीदभाई उठले. चेहरा पार पडलेला. तिथूनच ओरडले, "उजवा पाय अजून उशिरा निघतोय रे!"

"व्हय, भाई!" दिगू म्हणाला.