म्वावीताचं निळं कापड
मान्येमा मुलखातल्या लढाईत पकडलेल्या म्वावीताला लहानपणीच सरोवरापलीकडून या काठच्या उजीजी गावात आणून विकलं होतं. मालकीण झुहुरा बीबीच्या घरचं कांडण उरकून ती मासळी सुकवायची आणि समुद्राकडे निघालेल्या हस्तिदंताच्या तांड्यांना विकायची. एका तांड्याकडून तिनं मासळीच्या बदल्यात निळं कापड घेतलं आणि ते डोक्यावरून ओढून भर बाजारात गेली. डोकं झाकायचा मान फक्त मालकिणींचा.

“अगं बये, दासीनं कधी डोकं झाकलंय का?” बाजारात आलेली बीबी कडाडली.

म्वावीतानं कापड सोडलं नाही. “बीबी, ऊन काय माणूस बघून लागतं?”

बाजारात बसलेल्या कोळणी खो खो हसल्या. बीबी पाय आपटत निघून गेली. पुढच्या बाजाराला आणखी चार दासी डोकं झाकून आल्या.